एकदाच सांगितलेली एरर: पोस्टग्रेस, लिनक्स आणि एफसिंकचं प्रकरण

मार्च 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक विकसक क्रेग रिंगर यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे एक त्रासदायक प्रकरण ठेवलं. एका वापरकर्त्याच्या स्टोरेजमध्ये बिघाड झाला होता, त्यानंतर डेटाबेसमधला डेटा खराब निघाला, आणि त्या खराबीत पोस्टग्रेसचाही हात होता. आता स्टोरेज बिघडतं यात नवल काही नाही. डिस्क मरतात, नेटवर्कपलीकडचं स्टोरेज मधूनच गायब होतं, आणि अशा प्रसंगातून डेटा सहीसलामत काढायचा म्हणूनच तर आपण साध्या फाइली सोडून डेटाबेस वापरतो. इथे मात्र एरर आली होती, पोस्टग्रेसला ती कळली होती, लॉगमध्ये तिची नोंदही झाली होती. आणि एवढं होऊनही थोड्या वेळाने पोस्टग्रेसने 'सगळं डिस्कवर पोचलं' असं धरून डेटातल्या बदलांचा जुना लॉग पुन्हा वापरायला काढला.

रिंगर यांचं म्हणणं असं होतं की एफसिंक (फाइलीतला मजकूर डिस्कवर पक्का करायचा आदेश) फसला तर पुन्हा एफसिंक करून बघणं लिनक्सवर चालत नाही, पोस्टग्रेसने तिथल्या तिथे पॅनिक करावं, म्हणजे स्वतःला पाडून घ्यावं. इतकी वर्षं जे सावध वागणं समजलं जात होतं, तेच डेटा गमावणारं ठरत होतं.

एरर-हँडलिंगवरची चर्चा बहुतेक वेळा रिटर्न कोड बरे की एक्सेप्शन बरी, या वादात अडकते. या प्रकरणात तो वाद गैरलागू आहे. रिटर्न व्हॅल्यू व्यवस्थित तपासली जात होती, एरर गिळली जात नव्हती, रिट्रायही होता. कोड रिव्ह्यूत कोणीही 'ठीक आहे' म्हणून पुढे गेलं असतं. एफसिंक 'फसलं' एवढंच सांगत होता. फसल्यावर मागे काय उरलं, हे तो सांगत नव्हता, आणि पोस्टग्रेस आणि लिनक्स अशा दोन्ही बाजूंनी ते आपापल्या सोयीने गृहीत धरलं होतं.

राइट झालं म्हणजे लिहिलं गेलं असं नाही

प्रोग्रामने फाइलीत काही लिहिलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो मजकूर मेमरीतल्या पेज कॅशमध्ये (पेज म्हणजे मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा) उतरवून घेतो, त्या पेजवर 'डर्टी' अशी खूण करतो आणि यश कळवून मोकळा होतो. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. डर्टी पेजं मागाहून पार्श्वभूमीत सावकाश लिहिली जातात. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार पेज 30 सेकंद जुनं झालं की त्याची पाळी येते. वेगासाठी ही व्यवस्था आवश्यकच आहे. पण तिचा एक परिणाम असा की खरं अपयश येतं तेव्हा त्या राइटला यशाची पावती देऊन बराच वेळ झालेला असतो. ज्या प्रोसेसने लिहिलं ती तोवर संपलेलीही असू शकते.

मग ही उशिराची एरर सांगायची कोणाला? त्यासाठी मुख्य जागा एकच, ती म्हणजे एफसिंक. 'या फाइलीचं जे काही डर्टी असेल ते डिस्कवर ने आणि पोचल्याशिवाय परतू नकोस' असा त्याचा अर्थ. शून्य आलं तर पोचलं, उणे एक आलं तर काहीतरी बिघडलं. (काही फाइल सिस्टिमवर, विशेषतः नेटवर्कवरून चालणाऱ्या एनएफएसवर, फाइल बंद करतानाही एरर येऊ शकते. क्लोजची रिटर्न व्हॅल्यू तपासणारा कोड मात्र शोधावाच लागतो.) कोणतं पेज फसलं, किती फसली, आता ती कुठे आहेत, यातलं काहीही त्या उणे एकमध्ये नसतं.

पोस्टग्रेसची सगळी भिस्त या एका आकड्यावर आहे. तो प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे आगाऊ लिहिण्याच्या लॉगमध्ये नोंदवतो. कमिटच्या वेळी वॉल डिस्कवर पक्का होतो, खुद्द डेटा फाइली मात्र सवडीने बदलतात. मग ठराविक काळाने, मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त पाच मिनिटांनी, चेकपॉइंट येतो. त्यात आधी पोस्टग्रेसची स्वतःची बदललेली पेजं कर्नलकडे लिहिली जातात, मग हात लागलेल्या एकेका फाइलीवर एफसिंक होतो, आणि सगळे शून्य आले की 'इथपर्यंतचा वॉल आता लागणार नाही' अशी नोंद होते. त्यानंतर वॉलच्या जुन्या फाइली पुन्हा वापरल्या जातात, म्हणजे त्यातला मजकूर पुसला जातो. क्रॅश झाल्यावर डेटा परत उभा करायचं साधन तेवढं एकच होतं, आणि ते आपण एफसिंकच्या शब्दावर सोडून देतो.

दुसऱ्यांदा आलेलं शून्य

आता बिघाड नेमका कसा व्हायचा ते पावलापावलाने बघू. एका टेबलाच्या फाइलीतलं एक पेज पार्श्वभूमीत डिस्कवर जायला निघालं आणि स्टोरेजने एरर दिली. लिनक्सने त्या फाइलीवर 'एरर झाली' अशी खूण केली आणि पेजवरची डर्टीची खूण काढून टाकली. पेज आता 'क्लीन'. मेमरीत नवा मजकूर, डिस्कवर जुना, आणि कर्नलच्या लेखी दोन्ही सारखेच.

चेकपॉइंटने एफसिंक केला. उणे एक आलं. पोस्टग्रेसने लॉगमध्ये ओळ टाकली, 'एरर: कुड नॉट एफसिंक फाइल', पुढे फाइलीचा मार्ग आणि शेवटी 'इनपुट/आउटपुट एरर'. चेकपॉइंट अर्धवट सोडला. इथपर्यंत एक बाइटही गमावलेला नाही, कारण जुना वॉल जागेवर आहे.

थोड्या वेळाने चेकपॉइंटरने, म्हणजे चेकपॉइंट करणाऱ्या प्रोसेसने, पुन्हा प्रयत्न केला. त्याच फाइलीवर पुन्हा एफसिंक. या वेळी कर्नलला फाइलीत डर्टी असं काही सापडलं नाही, कारण फसलेलं पेज आधीच क्लीन ठरलं होतं. एररची खूणही नव्हती, कारण ती पहिल्या खेपेला सांगून पुसली गेली होती. उत्तर आलं शून्य. चेकपॉइंट 'पूर्ण' झाला आणि वॉल पुन्हा वापरात गेला.

त्या क्षणी त्या पेजवरच्या बदलांचा जगातला एकमेव ठिकाणा म्हणजे मेमरीतलं एक क्लीन पेज. मेमरी कमी पडली की कर्नल पहिल्यांदा टाकतो ती क्लीन पेजंच, कारण ती डिस्कवरून केव्हाही परत आणता येतात अशी त्याची समजूत असते. पेज टाकलं गेलं, नंतर कोणीतरी तो रेकॉर्ड वाचायला गेलं, डिस्कवरून जुना मजकूर आला. एरर नाही, इशारा नाही. इंडेक्स एका ओळीकडे बोट दाखवतो आणि टेबलात ती ओळच नाही, असली लक्षणं पुढे कधीतरी दिसायची. तोवर लॉगमधली ती एक ओळ इतर हजारो ओळींखाली गाडली गेलेली असायची.

चेकसमने, म्हणजे पेजच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने, हे पकडलं असतं असं वाटेल, पण तेही नाही. डिस्कवरचं जुनं पेज स्वतःपुरतं निर्दोष असतं. त्याचा मजकूर जुना, चेकसमही जुना, दोन्ही तंतोतंत जुळणारे. पोस्टग्रेसचं पेज 8 केबीचं असतं आणि लिनक्सचं बहुतेक यंत्रांवर 4 केबीचं. त्यामुळे एक अर्धं लिहिलं गेलं आणि दुसरं फसलं तर चेकसम ओरडतो. म्हणजे नशीब थोडं जास्त वाईट असेल तरच बिघाड कळणार.

कर्नलवाल्यांची बाजू

हे कळल्यावर पहिली प्रतिक्रिया 'कर्नलने पेज क्लीन केलंच कसं?' हीच असते. डेटाबेसच्या लोकांचीही तीच होती. पण जी पेजं लिहिलीच जात नाहीत त्यांचं कर्नलने करायचं काय? कोणीतरी यूएसबी स्टिक मध्येच ओढून काढली. तिच्यासाठी साठलेली डर्टी पेजं आता जन्मात कुठे लिहिली जाणार नाहीत. ती डर्टीच ठेवली तर ती मेमरी अडवून बसणार, डर्टी पेजांची मर्यादा गाठली जाणार, आणि एका स्टिकपायी सगळं यंत्र रेंगाळणार. लिनक्सची एक्स्ट4 ही फाइल सिस्टिम सांभाळणारे टेड त्सो यांनी हेच कारण पुढे केलं होतं. बहुसंख्य वापरकर्त्यांचा विचार केला तर ते पटण्यासारखं आहे.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने उलटा मार्ग धरला आहे. तिथे फसलेलं पेज डर्टीच राहतं, त्यामुळे पुन्हा केलेला एफसिंक खरोखरच पुन्हा प्रयत्न करतो. ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स या प्रमाणाचं म्हणणं एवढंच की एफसिंक फसला तर बाकी राहिलेलं लिखाण पूर्ण झाल्याची खात्री नाही. नंतर पेजांचं काय होतं, यावर ते गप्प आहे. म्हणजे लिनक्सही नियमात आणि फ्रीबीएसडीही नियमात. एकाच नावाचं फंक्शन, तोच रिटर्न कोड, आणि फसल्यानंतरची परिस्थिती एकमेकांच्या नेमकी विरुद्ध.

पेज क्लीन करणं मी माफ करीन. दुसऱ्यांदा शून्य देणं मात्र मला पटत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते शून्य खोटं नाही: 'मागच्या वेळी सांगितल्यानंतर नवीन काही बिघडलं का?' या प्रश्नाचं ते खरं उत्तर आहे. पोस्टग्रेस विचारत होता, 'मी आजवर लिहिलेलं सगळं पोचलं का?' विचारणाऱ्याचा प्रश्न वेगळा, सांगणाऱ्याने ऐकलेला वेगळा, आणि फंक्शनच्या व्याख्येत तो फरक कुठेही दिसत नाही. अशा वेळी चुकायचंच तर सांगणाऱ्याने अपयशाच्या बाजूने चुकावं. फाइल एकदा बिघडली की ती पुन्हा उघडेपर्यंत तरी प्रत्येक एफसिंकला एरर द्यायला काय हरकत होती?

पोस्टग्रेसलाही पूर्ण सूट देता येत नाही. वॉलवरचा एफसिंक फसला तर तो आधीपासूनच पॅनिक करत असे. डेटा फाइलीवरचा फसला तर मात्र साधी एरर आणि रिट्राय. एकाच प्रोग्राममध्ये एकाच अपयशाचे दोन अर्थ लावले जात होते. याचं कारण उघड आहे. डेटा फाइलीच्या बाबतीत वॉल हाताशी असतो, घाई कशाला, असा तो विचार. पण वॉल हाताशी राहतो तो रिट्राय 'यशस्वी' होईपर्यंतच.

एरर जायची कोणाच्या हाती

वरचं वर्णन हा सरळमार्गी प्रकार झाला. त्यात पहिली एरर निदान पोस्टग्रेसला मिळते. लिनक्स 4.13 च्या आधी तेवढीही हमी नव्हती. एररची खूण फाइलीमागे एकच असायची, आणि जो पहिल्यांदा विचारील त्याला ती सांगून पुसली जायची. दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसने त्या फाइलीवर एफसिंक केला असेल तर एरर तिला मिळायची, आणि पोस्टग्रेसच्या वाट्याला पहिल्याच खेपेला शून्य.

सप्टेंबर 2017 मध्ये आलेल्या 4.13 मध्ये जेफ लेटन यांच्या कामामुळे हे बदललं. खुणेच्या जागी क्रमांक आला. फाइल उघडताना तेव्हाचा क्रमांक टिपून ठेवायचा आणि एफसिंकच्या वेळी तो पुढे सरकलाय का ते बघायचं. त्यामुळे फाइल उघडून बसलेल्या प्रत्येकाला एरर एकेकदा तरी कळू लागली. चांगली सुधारणा, पण पोस्टग्रेसचं घोडं इथेही पेंड खात होतं. त्याच्यात लिहिणाऱ्या प्रोसेस वेगळ्या आणि एफसिंक करणारा चेकपॉइंटर वेगळा. चेकपॉइंटर अनेकदा फाइल उघडायचा ती लिखाण फसून गेल्यावर. त्याने टिपलेला क्रमांकच एररनंतरचा, मग त्याला फरक दिसणार कसा? 2018 मध्ये कर्नलमध्ये आणखी एक दुरुस्ती झाली: एरर अजून कोणालाच सांगितलेली नसेल तर नव्याने फाइल उघडणाऱ्याला ती मिळावी.

एवढं करूनही एक फट उरतेच. फाइल कोणीच उघडी ठेवलेली नसेल आणि मेमरीच्या टंचाईत कर्नलने तिची मेमरीतली नोंदच काढून टाकली, तर एररही तिच्याबरोबर गेली. लिहिणाऱ्या प्रोसेसनी आपली उघडी फाइल चेकपॉइंटरच्या हवाली करावी, म्हणजे ती कधी बंदच होणार नाही, असा प्रस्ताव पोस्टग्रेसमध्ये चर्चेला आला होता. तो फार गुंतागुंतीचा होता आणि मागे पडला.

पॅनिक

नोव्हेंबर 2018 मध्ये पोस्टग्रेसच्या कोडमध्ये बदल झाला आणि 14 फेब्रुवारी 2019 ला तो 11.2, 10.7, 9.6.12, 9.5.16 आणि 9.4.21 अशा तेव्हाच्या सगळ्या चालू शाखांमध्ये एकदम पोचला. डेटा फाइलीवरचा एफसिंक फसला की आता पॅनिक. सगळी कनेक्शन तुटतात, सर्व्हर पडतो, पुन्हा उठतो, आणि शेवटच्या खरोखर पूर्ण झालेल्या चेकपॉइंटपासून वॉल पुन्हा चालवतो. त्यामुळे फसलेली पेजं नव्याने लिहिली जातात, नव्याने डर्टी होतात, आणि कर्नलला ती डिस्कवर न्यायचा खराखुरा दुसरा प्रयत्न करावा लागतो. स्टोरेज अजूनही बिघडलेलं असेल तर पुन्हा पॅनिक. पण वॉल हातचा जात नाही.

सोबत डेटा_सिंक_रिट्राय नावाचं सेटिंग आलं, मूळ स्थिती 'ऑफ'. आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पुन्हा केलेल्या एफसिंकला खरंच अर्थ आहे अशी ज्याला खात्री असेल त्याने ते 'ऑन' करावं. लिनक्सवर ते चालू करायचं सयुक्तिक कारण मला तरी सापडलेलं नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी आणि मोंगोडीबीखालचं वायर्डटायगर या स्टोरेज इंजिनांनीही 2018 मध्येच हाच धडा गिरवला: एफसिंक फसला तर रिट्राय नाही, थांबायचं.

याची किंमत मोजावी लागते, हे खरं. पूर्वी जी क्षणिक एरर लॉगमध्ये एक ओळ टाकून जायची, ती आता भर कामाच्या वेळी डेटाबेस पाडते. रात्री उठवल्या गेलेल्या माणसाला 'हे तुझ्याच भल्यासाठी' असं सांगून फारसा उपयोग नसतो. तरी मी ही किंमत रास्त समजतो. पडलेला सर्व्हर लगेच दिसतो, हरवलेली ओळ मात्र कधीतरी हिशेब जुळत नाही तेव्हा सापडते, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच चूक जाऊन बसलेली असते.

बिघाड इतकी वर्षं दडून कसा राहिला, याचं उत्तर स्टोरेजच्या बदलत्या तऱ्हेत आहे. यंत्रातली डिस्क मरते तेव्हा सहसा पुरतीच मरते. रिट्रायही फसतो, चेकपॉइंट कधीच पूर्ण होत नाही, आणि माणूस बॅकअपकडे वळतो. एक राइट फसावी आणि पुढच्या मिनिटाला सगळं सुरळीत व्हावं, ही रीत मल्टिपाथची (स्टोरेजकडे जायला एकाहून जास्त वाटा), थिन प्रोव्हिजनिंगची (जागा लागेल तशी देणं) आणि नेटवर्कवरच्या व्हॉल्यूमची. एक वाट तुटली, दुसरी जुळेपर्यंत काही राइट एरर देऊन परतल्या, झालं. अशा क्षणिक बिघाडातच रिट्राय 'यशस्वी' होतो, म्हणून तोच घातक. चाचणीतही हे कोणी मुद्दाम घडवत नव्हतं. लिनक्सच्या डिव्हाइस मॅपरने डिस्कचा ठराविक तुकडा एरर देईल अशी मांडणी करता येते आणि नंतर ती काढूनही घेता येते. रिंगर यांनी बिघाड पुन्हा घडवून दाखवला तो याच जातीच्या साधनाने.

पॅनिकनंतर उरलेलं

2020 मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक्स्ट4, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तीन फाइल सिस्टिम आणि रेडिस, एलएमडीबी, लेव्हलडीबी, एसक्यूलाइट, पोस्टग्रेस हे पाच प्रोग्राम घेऊन एफसिंक मुद्दाम फसवून पाहिला. कोणाचीच अपयश हाताळण्याची रीत पुरेशी ठरली नाही, हा त्यांचा निष्कर्ष. फाइल सिस्टिममध्येही एकवाक्यता नव्हती. एक्स्ट4 आणि एक्सएफएसवर फसलेल्या पेजचा नवा मजकूर मेमरीत तसाच राहतो, तर बीटीआरएफएस मेमरीतला मजकूरही मागे फिरवतो.

पॅनिकसाठी ही गोष्ट बिकट आहे. पॅनिकने पडते ती प्रोसेस, यंत्र नव्हे, त्यामुळे कर्नलची पेज कॅश जशीच्या तशी राहते. डेटा फाइलींचं निभावतं, कारण चेकपॉइंटनंतर पेजला पहिला हात लागताच पोस्टग्रेस ते अख्खं पेज वॉलमध्ये ठेवतो आणि पुन्हा चालवताना ते पूर्ण नव्याने उतरवतो. पण खुद्द वॉलचाच एफसिंक फसला असेल तर? सर्व्हर उठतो, वॉल वाचतो, मजकूर कॅशमधून नीट येतो, आणि डिस्कवर तो नाहीच. उठताना पोस्टग्रेस डेटा डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइलींवर पुन्हा एफसिंक करतो, पण ती पेजं क्लीन असल्याने उत्तर येतं शून्य. क्लायंटला कमिट झालं नाही असं वाटलेलं असतं, डेटाबेसमध्ये तो व्यवहार झालेला दिसतो, आणि त्यानंतर वीज गेली तर तो पुन्हा नाहीसा होऊ शकतो.

यावरचा मुळातला उपाय म्हणजे पेज कॅशला वळसा घालून थेट डिस्कशी बोलणं, म्हणजे डायरेक्ट आयओ. त्यात राइट फसली तर त्याच राइटला एरर मिळते, आणि मजकूर अजून प्रोग्रामच्या स्वतःच्या हातात असतो. मात्र त्यासाठी वाचनाचा अंदाज आधी बांधणं, लिखाणाची रांग लावणं अशी कर्नल फुकटात करत असलेली कामं डेटाबेसला अंगावर घ्यावी लागतात. पोस्टग्रेसमध्ये 2023 च्या 16 व्या आवृत्तीत त्याचं सेटिंग आलं, ते डीबग_आयओ_डायरेक्ट या नावाने आणि फक्त विकसकांच्या चाचणीसाठी.